हॉटेलातला अपुरा पगार : हिशेबापासून वसुलीपर्यंत

हॉटेलातली नोकरी बहुतेक वेळा भांडणातून सुटते. पगाराच्या दिवशी पाच-सहा खाडे लावलेले दिसतात, वेटर आवाज चढवतो, मॅनेजर ‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हणतो आणि माणूस बॅग भरून स्टाफ-रूममधून बाहेर पडतो. दोन दिवसांनी तो कामगार कार्यालयात पोचतो तेव्हा त्या हॉटेलात काम केल्याचा साधा चिटोराही त्याच्याजवळ नसतो. मालकाला मग फक्त एवढंच म्हणायचं असतं, की हा माणूस आमच्याकडे कधी नव्हताच. म्हणून थकलेला पगार वसूल करायची कृती भांडणाच्या आधी सुरू होते. नोकरीत असताना, तोंड बंद ठेवून, दोन-तीन महिने जी तयारी होते तिच्यावरच पुढचं सगळं उभं राहतं.

वेटर, हेल्पर, आचारी, तंदूरवाला, मोरीवर भांडी घासणारी बाई, लग्नसराईत केटररकडे राबणारे वाढपी, अशा सगळ्यांना ती लागू आहे. त्यांचा अर्ज लिहून देणाऱ्या शेजारच्या शिकलेल्या मुलानंही ती वाचावी, कारण पुष्कळदा अर्ज तोच बिघडवतो.

आधी कायद्याबद्दल चार ओळी. 1948चा किमान वेतन कायदा आता इतिहासजमा झाला. 21 नोव्हेंबर 2025पासून त्याच्या जागी वेतन संहिता, 2019 लागू आहे. जुन्या कायद्याखाली जाहीर झालेले दर मात्र नवे निघेपर्यंत चालू राहतात. ही संहिता पंचतारांकित हॉटेलाला लागते तशी दोन माणसं ठेवणाऱ्या वडापावच्या दुकानालाही लागते. ‘आमचं छोटं हॉटेल आहे, आम्हाला किमान वेतन नाही’ हे वाक्य ऐकलं की ते खोटं आहे असं बेलाशक समजा.

आपला दर काढा

महाराष्ट्रात हॉटेल-उपाहारगृहांसाठी किमान वेतनाचे वेगळे दर आहेत. दराचे दोन भाग असतात : मूळ दर आणि विशेष भत्ता. विशेष भत्ता महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे वर्षातून दोनदा, 1 जानेवारीपासून आणि 1 जुलैपासून, बदलतो. फसगत इथेच होते. मालक चार वर्षांपूर्वीचा कागद दाखवतो, त्यावर नुसता मूळ दर असतो आणि तो पाहून कामगारालाही वाटतं की आपल्याला तर जास्तच मिळतंय. दोन्हींची बेरीज करा. ज्या सहामाहीची थकबाकी काढायची आहे, त्या सहामाहीचा भत्ता घ्या. दरपत्रक कामगार आयुक्तांच्या संकेतस्थळावर असतं, जिल्ह्याच्या कामगार कार्यालयातही मिळतं.

दर दोन गोष्टींवर ठरतो. पहिली परिमंडळ, म्हणजे हॉटेल महापालिकेच्या हद्दीत आहे, नगरपालिकेच्या की गावात. दुसरी कामाचा वर्ग : कुशल, अर्धकुशल की अकुशल. वर्ग ठरवताना कागदावरचं पद बघू नका, रोजचं काम बघा. ‘हेल्पर’ म्हणून लावलेला मुलगा वर्षभर चायनीजच्या भट्टीवर उभा असेल, तर त्यानं आचाऱ्याचा दर मागावा. दर काम करण्याच्या जागेचा लागतो, गावाकडच्या पत्त्याचा नाही. सिंधुदुर्गातला मुलगा गोव्यात कामाला असेल तर त्याला गोवा सरकारचा दर बघावा लागेल.

वही घाला

दहा रुपयांची साधी वही पुरे. रोज, त्याच दिवशी, शाईच्या पेनानं लिहायचं. नोंद साधारण अशी असावी :

‘12 मार्च, गुरुवार. आत 9.50. दुपारी सोडलं 3.20. परत 6.00. बंद 12.25. आज 11 टेबलं, पार्टी होती. कॅप्टननं दोन ग्लास फुटले म्हणून 120 कापणार सांगितलं. दुपारी ब्रेकमध्ये कांदे सोलायला बसवलं, 4 ते 5.’

पार्टी, फुटलेले ग्लास, कांदे हे फालतू तपशील नव्हेत. चार महिन्यांनी बसून एका दमात भरलेली वही अधिकाऱ्याला लगेच कळते, कारण तिच्यात रोज ‘10 ते 12’ एवढंच असतं. खऱ्या वहीत एखाद्या दिवशी लवकर सुटल्याचीही नोंद असते. ती अवश्य ठेवा. आपल्या विरुद्ध जाणाऱ्या दोन ओळींमुळे बाकीच्या दोनशे ओळींवर विश्वास बसतो.

दुपारच्या ब्रेकचं नीट समजून घ्या. ब्रेक शिफ्टमधले मधले तास खरोखर मोकळे असतील तर ते कामाचे धरत नाहीत. पण त्या वेळात भाजी निवडायला, गॅस सिलिंडर उतरवून घ्यायला किंवा पार्सलच्या फोनवर बसवत असतील, तर तो वेळ कामाचा. म्हणून ‘कांदे, 4 ते 5’ लिहायचं.

इथे काम करतो, हे सिद्ध करणारं काहीही

पगार दिला हे सिद्ध करण्याची जबाबदारी वेतन संहितेनं मालकावर टाकली आहे. कामगाराच्या बाजूनं ही फार मोठी गोष्ट आहे. पण ती चालू होते ती तुम्ही त्याचे कामगार आहात हे दिसल्यावर. नेमणूकपत्र नव्वद टक्के ठिकाणी नसतं असं म्हटलं तर कुणी हॉटेलवाला रागावणार नाही. मग उरतं ते असं : स्टाफच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ड्युटी लावल्याचे मेसेज, मॅनेजरनं यूपीआयवर पाठवलेली उचल, स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या ड्युटी-चार्टचा फोटो, गणवेशातला फोटो, हॉटेलच्या पत्त्यावर आलेलं पत्र. एक कागद बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची दर वर्षी वैद्यकीय तपासणी करावी लागते आणि त्याचा दाखला हॉटेलात ठेवावा लागतो. अन्नसुरक्षेचा इन्स्पेक्टर येईल म्हणून मालक तो इमानानं करून घेतो. त्या दाखल्यावर तुमचं नाव असतं. त्याचा फोटो काढून ठेवा.

बिलाचंही तसंच. मोठ्या हॉटेलांत छापील बिलावर वेळ आणि वेटरचं नाव किंवा नंबर येतो. रात्री 12.10च्या बिलावर तुमचं नाव असेल, तर तुम्ही आठ तासांनी घरी गेलात हे मालकाला सांगता येत नाही. पण बिलबुकं किंवा मालकाची हजेरीवही उचलून आणू नका. चोरीचा आळ येतो आणि पगाराचं प्रकरण पोलीस ठाण्यात जाऊन बसतं. मालकानं बिलिंगच्या कॉम्प्युटरमधली अमुक महिन्यांची नोंद हजर करावी, अशी मागणी पुढे अर्जात करायची असते.

खात्यात पूर्ण पगार आणि हातात अर्धा, हा प्रकार अलीकडे फार वाढला आहे. पगार बँकेत जमा होतो आणि त्याच संध्याकाळी मॅनेजर चार-पाच हजार रोख परत मागतो. काही ठिकाणी तर एटीएम कार्डच त्याच्या ड्रॉवरमध्ये असतं. कार्ड परत मिळवा, नाहीतर बँकेत जाऊन ते बंद करून नवं घ्या. पासबुक भरून ठेवा. पाच जणांच्या खात्यांतून एकाच तारखेला, एकाच एटीएममधून, सारखीच रक्कम निघालेली दिसली, तर वेगळं सांगायला साक्षीदार लागत नाही.

आणि कोऱ्या व्हाउचरवर सही नको. करावीच लागली तर सहीखाली तारीख आणि हातात आलेली रक्कम लिहा. लिहू दिली नाही, तर वहीत तशी नोंद करा.

मालक कोण आहे?

बोर्डावर एक नाव, बिलावर दुसरं, आणि गल्ल्यावर बसणारा तिसराच. मुंबईत कित्येक हॉटेलं कंडक्टिंगवर चालतात. जागेचा मालक एक असतो, चालवणारा वेगळा, आणि स्वयंपाकघर आणखी कुणाला तरी ठेक्यानं दिलेलं असतं. चुकीच्या माणसावर केलेला अर्ज वर्षभर फिरतो.

उत्तर बिलावर छापलेलं असतं. अन्नसुरक्षा परवान्याचा 14 आकडी नंबर आणि जीएसटी नंबर तिथे असतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो नंबर टाकला की कायदेशीर नाव समोर येतं. परवाना तर हॉटेलात दर्शनी लावलेला असतो. जी नावं सापडतील त्या सगळ्यांना अर्जात प्रतिवादी करा : परवानाधारक, चालवणारा, ठेकेदार. ज्यानं कामाला ठेवलं त्यानं पैसे दिले नाहीत, तर ज्याची आस्थापना आहे त्यानं ते द्यायचे, अशी तरतूद संहितेत आहे. ‘ते ठेकेदाराचं आहे, आमचा संबंध नाही’ म्हणून मालकाला हात झटकता येत नाहीत.

हिशेब मांडा

समजा, भागायला सोपा म्हणून दर महिना 15,600 रुपये धरला (खरा दर दरपत्रकातून घ्या). 26 दिवसांनी भागलं की रोज 600, आठ तासांनी भागलं की तासाला 75. आता सकाळी 10 ते 3 आणि संध्याकाळी 6 ते 12 अशी शिफ्ट. पाच आणि सहा, अकरा तास. म्हणजे रोज तीन तास ओव्हरटाइम, आणि ओव्हरटाइम दुप्पट दरानं, तासाला 150. रोजचे 450, महिन्याचे 26 दिवसांचे 11,700. मालक हातात 11,000 देतो. मूळ पगारातली तूट 4,600, ओव्हरटाइम 11,700, एकूण महिन्याला 16,300. म्हणजे थकबाकी पगारापेक्षा मोठी निघते. हॉटेलधंद्यात हे नेहमीचंच आहे, कारण खरी लूट दरात नसून तासांत असते. बहुतेक अर्ज नुसत्या 4,600वर भांडतात. साप्ताहिक सुट्टीलाही बोलावत असतील, तर ते दिवस वेगळ्या रकान्यात मांडा.

‘पण जेवण आणि राहायला देतो ना!’ हे उत्तर हमखास येणार. पगाराऐवजी वस्तुरूपात काही दिलं, तर त्याची किंमत एकूण वेतनाच्या 15 टक्क्यांपर्यंतच वेतनात धरता येते. निवासाची किंमत वेतनात मोजत नाहीत. मालक खोलीचं भाडं कापू शकतो, पण ती कपात म्हणून दाखवून, आणि सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. आठ जणांना एका पोटमाळ्यावर झोपवून त्याचं ‘भाडं’ किती लावायचं, यावर सुनावणीत खुशाल वाद घाला. टीप गिऱ्हाईक देतं, मालक नाही. ती किमान वेतनात मिसळता येत नाही.

कपातींचा रकाना वेगळा करा, तिथे मालकाची बाजू सर्वांत लंगडी असते. फुटलेल्या ग्लासाचे पैसे तुमच्या हयगयीनं नुकसान झालं असेल तरच कापता येतात. तेही आधी तुमचं म्हणणं ऐकून, आणि नुकसानीएवढेच. ‘टेबल पळालं’, म्हणजे गिऱ्हाईक बिल न देता गेलं, तर ते वेटरच्या पगारातून वळतं करायची हॉटेलांत रीतच आहे. त्यालाही हाच नियम. दंडाची मर्यादा त्या महिन्याच्या वेतनाच्या 3 टक्के. एका दिवसाच्या गैरहजेरीला दोन खाडे लावता येत नाहीत. जेवढा गैरहजर, तेवढीच कपात. गावाहून आणताना दिलेलं गाडीभाडं पगारातून वसूल करता येत नाही, हे कोकण-विदर्भातून मुलं आणणाऱ्या कित्येक ठेकेदारांना ठाऊकच नसतं.

मागणीपत्र

एक पान, जास्त नको. कधीपासून, कुठल्या कामावर, किती तास, हातात किती, दर किती, थकबाकी किती, आणि पंधरा दिवसांत द्या. शिव्या नकोत, ‘न्यायालयात खेचू’ नको. स्पीड पोस्टानं, पोहोच मिळेल असं पाठवा आणि त्याचाच फोटो मालकाच्या व्हॉट्सअॅपवर टाका. ते पाठवायच्या आधी सोबतच्या चार जणांशी बोलून घ्या. संहितेखाली कितीही कामगारांचा मिळून एकच अर्ज करता येतो. एकट्याला काढून टाकणं सोपं असतं. शनिवारी रात्री गर्दीच्या वेळी पूर्ण स्वयंपाकघर काढून टाकायला मालक धजत नाही. पन्नासच्या दशकात जॉर्ज फर्नांडिस मुंबईतल्या हॉटेल कामगारांना संघटित करत होते ते याच कारणासाठी.

पत्र गेल्यावर नोकरी जाऊ शकते. गेली तर तो वेगळा वाद, वेगळ्या कायद्याखाली, समेट अधिकाऱ्यापुढे चालतो. पगाराच्या अर्जात त्याची खिचडी करू नका. काढल्यावर किंवा राजीनामा दिल्यावर दोन कामाच्या दिवसांत सगळा पगार चुकता करायचा असतो. ‘पुढच्या महिन्यात या’ हे कायद्यात नाही.

तक्रार की दावा?

कामगार कार्यालयात दोन वेगळी कामं होतात, आणि माणसं एकाची अपेक्षा ठेवून दुसरं करून येतात.

तक्रार केली की इन्स्पेक्टर हॉटेलात जाऊन वह्या तपासतो. नव्या संहितेत त्याचं नावच ‘इन्स्पेक्टर-कम-फॅसिलिटेटर’ झालं आहे, आणि काही प्रकारच्या पहिल्या चुकीला खटला भरण्याआधी मालकाला सुधारायची लेखी संधी द्यावी लागते. कमी पगार देण्याला 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे. पाच वर्षांत पुन्हा तोच गुन्हा केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हा दंड सरकारजमा होतो. तुमच्या हाती त्यातून छदाम येत नाही.

पैसे हवे असतील तर दावा. तो सरकारनं नेमलेल्या राजपत्रित अधिकाऱ्यापुढे चालतो. कामगार स्वतः, त्याची युनियन किंवा इन्स्पेक्टर, कुणीही तो दाखल करू शकतो. मुदत तीन वर्षांची. जुन्या किमान वेतन कायद्यात ती सहा महिन्यांची होती, त्यामुळे 21 नोव्हेंबर 2025च्या आधीची थकबाकी वेगळ्या तक्त्यात मांडा आणि तेवढ्यापुरता वकिलाचा सल्ला घ्या. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट देतं. फोन 15100.

अर्जासोबत हिशेबाचा तक्ता, वहीच्या झेरॉक्स, पुराव्यांची यादी. मूळ वही कुणाच्याही हातात देऊ नका, सुनावणीला फक्त दाखवा. मुंबईत असाल तर वांद्रे-कुर्ला संकुलातलं कामगार भवन, इतरत्र जिल्ह्याचं सहाय्यक कामगार आयुक्त कार्यालय. आपल्या प्रतीवर आवक शिक्का, नंबर आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ‘ठेवून जा, साहेब आले की बघतील’ म्हणाले तर त्याच दिवशी स्पीड पोस्टानं पाठवा.

पीएफ कापतात पण भरत नाहीत, ईएसआयचं कार्ड नाही, या तक्रारी त्या-त्या कार्यालयात वेगळ्या करा. पीएफ भरला का ते उमंग अॅपवर दिसतं. हॉटेलात चौदाच्या आतलं मूल कामाला दिसलं तर पगाराच्या अर्जाची वाट बघू नका, 1098वर फोन करा.

सुनावणी आणि दालनाबाहेरचा सौदा

निकाल तीन महिन्यांत लावायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. तारखा त्याहून लांबतात, याची तयारी ठेवा. प्रत्येक तारखेला हजर राहा. कामगार दोनदा गैरहजर राहावा यावरच मालकाच्या वकिलाची भिस्त असते. गावी जावं लागलं तर सहकाऱ्याला किंवा युनियनच्या माणसाला लेखी अधिकार द्या.

मालक हजेरीपट दाखवेल. नीट पाहा. सहा महिन्यांच्या सह्या एकाच शाईत, एकाच ढबीत आहेत का? सगळे रोज बरोबर 10ला आले आणि 6ला गेले का? मग बिलिंगची नोंद मागा आणि रात्री बाराच्या बिलांवरचं जेवण कोण वाढत होतं ते विचारा.

तोवर दालनाबाहेर कुणीतरी खांद्यावर हात टाकेल. ‘वीस हजार घे, विषय संपव.’ तडजोड वाईट नव्हे. दीड लाखाच्या दाव्यात लाखभर महिन्याच्या आत हातात पडत असतील तर मी घ्या म्हणेन. फक्त ती अधिकाऱ्यासमोर लिहून, बँकेतून, आणि पैसे जमा झाल्यावरच अर्ज मागे घेण्याच्या अटीवर. बाहेर व्हरांड्यात रोख घेऊन ‘सर्व हिशेब चुकता’वर सही केली असेल तरी हताश होऊ नका. संहितेखाली देय असलेल्या रकमेवरचा हक्क सोडून देणारा करार कायद्यानं रद्दबातल असतो. त्यातून बाहेर पडायला मात्र पुन्हा चार तारखा जातात.

निकालात थकबाकीवर दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार अधिकाऱ्याला आहे. ‘पर्यंत’वर नजर ठेवा आणि दहापटीच्या भरवशावर कर्ज काढू नका. पण अर्जात मागा, कारण न मागितलेलं कुणी देत नाही. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबवून घेणं म्हणजे राज्यघटनेच्या 23व्या कलमानं निषिद्ध केलेली वेठबिगारी, असं सर्वोच्च न्यायालयानं 1982 साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सांगितलं आहे. भरपाईच्या मुद्द्यापाशी अर्जात त्या निकालाचा उल्लेख करा.

निकालानंतर

मालकाला अपिलाला 90 दिवस मिळतात. तो पैसेही देत नसेल तर त्याच अधिकाऱ्याकडे वसुली प्रमाणपत्र मागा. ते जिल्हाधिकाऱ्याकडे जातं आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. प्रमाणपत्र तहसील कार्यालयात धूळ खात पडतं, कारण त्यावर बोर्डावरचं नाव आणि पिन कोड एवढंच असतं. तुम्ही स्वतः जाऊन एक कागद जोडा : मालकाचं कायदेशीर नाव, घरचा पत्ता, ज्या बँक खात्यातून पगार यायचा त्याचा नंबर आणि शाखा, अन्न परवान्याचा आणि जीएसटीचा नंबर, फ्रीज, भट्टी, गाडी यांपैकी त्याच्या नावावर काय आहे ते. हॉटेलनं नाव बदललं, नवा बोर्ड लागला, तर बोर्डाचा आणि नव्या बिलाचा फोटो काढून त्याच आठवड्यात तहसीलदाराकडे द्या. त्याही प्रतीवर आवक शिक्का घ्या.